अळीला अळीच म्हणायचं

फुलपाखराचं जीवनचक्र शिकवताना भोईर बाई फळ्यावर चक्र काढत नसत. शाळेत एक रंगीत तक्ता होता. त्यावर अंडं, अळी, कोष, फुलपाखरू अशी चार चित्रं गोलात आणि त्यांच्यामध्ये चार बाण. तो तक्ता बाईंनी कपाटाच्या मागे उलटा करून ठेवला होता. मी नवा रुजू झालो तेव्हा मोठ्या उत्साहाने तो बाहेर काढला, पुसला आणि भिंतीवर टांगला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कपाटामागे.

"बाई, तक्ता कुणी काढला?"

"मीच. तो शेवटचा बाण बघा जरा. फुलपाखरापासनं अंड्याकडं जातो ना? एका वर्षी एक पोर मला म्हणालं, बाई, फुलपाखरू म्हातारं झालं की आखडून परत अंडं होतं. तक्त्यात तसंच हाय. फुलपाखरू अंडं घालतं सर, अंडं होत नाय. ते मरतं. हे त्या बाणात कुठं हाय?"

असाच तक्ता मी डी.एड.ला असताना स्वतः रंगवला होता आणि त्याला चांगले गुणही पडले होते. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी चिडलो आणि माझ्या वर्गात निघून गेलो.

आमची शाळा कशेळ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीत. खोल्या दोन, शिक्षक दोन. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी जालन्याकडचा, कशेळ्यात खोली घेऊन राहणारा. बाई खोपोलीच्या शिळफाट्याला राहायच्या. खोपोलीहून कर्जत, कर्जतहून कशेळे, पुढे जीप आणि शेवटचा चढ पायी, एवढं करून त्या रोज माझ्याआधी शाळेत हजर असायच्या आणि मी आलो की घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघायच्या.

त्या वर्षी मंजुळा नावाच्या दुसरीतल्या मुलीचा उजवा डोळा जाता जाता राहिला. तो बाईंनी वर्गात सांगितलेल्या एका वाक्यामुळे जायची वेळ आली होती, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडी मी घातलं होतं. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. पण बाई कशा होत्या हे आधी कळायला हवं, नाहीतर एवढ्याशा वाक्याने काय झालं ते कळायचं नाही.

बाई वर्गात खुर्चीवर बसत नसत. पदर खोचून मुलांच्यात मांडी घालून बसायच्या आणि इतक्या हळू बोलायच्या की ऐकायचं तर पोरांना गप्पच बसावं लागे. मी शेजारच्या खोलीत घसा फोडून ओरडायचो आणि माझी पोरं दारातून माना काढून पलीकडे काय कुजबुज चाललीय ते बघायची. राग यायचा, खरं सांगतो. 'रं' आणि 'गं' तर बाईंच्या तोंडून कुणालाही लागायचं. तपासणीला आलेल्या साहेबांना त्या एकदा "बसा की रं साहेब" म्हणून गेल्या, आणि साहेब निमूट बसलेही.

त्याच साहेबांनी पहिली-दुसरीला विचारलं, "फुलपाखराच्या वाढीच्या अवस्था किती?"

सगळा वर्ग ओरडला, "सा!"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, जणू माझाच वर्ग. मग मुलांनी एकेक बोट दुमडत मोजून दाखवलं: अंडं, बारकी अळी, जाडी अळी, उलटी टांगलेली अळी, कोष, फुलपाखरू. बाईंकडे चिक्कीची एक रिकामी बरणी होती, तोंडाला मलमलचा तुकडा बांधलेली. पोरांनी त्या बरणीत जे बघितलं ते मोजलं होतं.

"चार म्हणायचं," साहेब म्हणाले.

"चार म्हणायला शिकवीन साहेब. पण बघितलं ते खोटं, असं नाय सांगणार."

बरणीतली अळी रुईच्या झाडावरची असायची, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अगदी गुळगुळीत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून पानं बाई स्वतः कात्रीने कापायच्या आणि मग दोन वेळा हात धुवायच्या. एकाही मुलाला त्या फांदीला हात लावू देत नसत. डोळ्यांना एवढं जपणारी बाई, आणि संकट आलं ते दुसऱ्याच वाटेने.

शब्दांच्या बाबतीतही तेच. कुणी 'किडा' म्हणालं की "कुठला किडा? त्याला नाव नाय का?" अळीला अळीच म्हणायचं, कोषाला कोष. "नाव चुकलं की वस्तू चुकली," हे त्यांचं ठरलेलं बोलणं, आणि ते मला दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे.

गणपती होऊन गेले होते, पाऊस ओसरत आला होता. शनिवारी चाचणी घ्यायची होती आणि प्रश्नांचा कागद मी तयार केला. फोनवर कुणीतरी पाठवलेला नमुना कशेळ्यात छापून आणला, एवढीच माझी तयारी. तिसरा प्रश्न होता: 'सुरवंटापासून काय तयार होते?'

बाईंनी गुरुवारी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, "हा शब्द खोडा. अळी लिहा."

"बाई, सगळीकडे सुरवंटच म्हणतात. सुरवंटाचं फुलपाखरू झालं, असं आपण बोलतानाही म्हणतोच की."

"बोलताना म्हणतात. पण सुरवंट म्हणजे केसाळ तो. अंगाला लागला तर आग आग होते. त्याचं फुलपाखरू होत नाय, पतंग होतो."

"पुढं मोठ्या परीक्षेत हाच शब्द आला तर आपली मुलं अडतील. सगळ्या जगाचं चूक आणि तुमचं एकटीचं बरोबर, असं कसं?"

शेवटचं वाक्य मी जरा जोरातच बोललो. त्या तक्त्याचा राग अजून पोटात होता. बाईंनी कागदाची घडी घातली. मग वर्गात जाऊन, नेहमीप्रमाणे मांडी घालून, हळू आवाजात त्यांनी सांगितलं, "आपण अळी म्हणतो ना, तिला काही जण सुरवंट म्हणतात. कागदावर आलं, सुरवंटाचं काय होतं, तर म्हणायचं फुलपाखरू." ते मी शेजारच्या खोलीत ऐकलं, आणि जिंकल्याचं बरं वाटलं.

वाडीतल्या प्रत्येक पोराला सुरवंट माहीत होता. पावसाच्या अखेरीला शेवग्याची खोडं सुरवंटांनी भरून जातात, बुंधा हलतोय असं वाटतं. त्याला शिवायचं नाही हे आया मुलांना चालायला लागल्यापासून सांगतात. पण आईनं सांगितलेलं आणि बाईंनी सांगितलेलं यांत आमच्या शाळेत बाईच जिंकायच्या.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मंजुळा शाळेमागच्या शेवग्याकडे गेली. तिने फ्रॉकचा घोळ पुढे धरला आणि काटकीने खोडावरचे सुरवंट त्यात पाडून घेतले. बाईंच्या बरणीत घालायला. वीसेक तरी असतील. हाताची आग व्हायला लागली तेव्हा तिने सगळं टाकलं आणि त्याच हातांनी घाम आलेलं तोंड पुसलं, डोळे पुसले.

ती किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. मी पोचेपर्यंत बाई पोचल्या होत्या. मातीत बसून त्यांनी मंजुळाला मांडीत घेतलं होतं आणि तिची दोन्ही मनगटं एका हातात आवळली होती. पोरीचा उजवा डोळा मिटून सुजायला लागला होता.

"सर, पाणी आणा, पिण्याचं. आणि माझ्या पिशवीतनं चिकटपट्टी."

मला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. पण त्या चिकटपट्टीचे तुकडे मंजुळाच्या गालावर, हातांवर हलके दाबून उचलत गेल्या आणि प्रत्येक तुकड्यावर बारीक केस निघून येत गेले. डोळ्यावर मात्र फक्त पाण्याची धार. एवढ्यात मंजुळाची आजी धावत आली, हातात घोंगडीचं टोक. अंगाला सुरवंट लागला की वाडीत घोंगडीने पुसतात. बाईंनी तिला आडवा हात घातला. "डोळ्याला नको आजी. पाया पडते. पुसलं तर केस आत रुततील."

आजीने बाईंना जी शिवी दिली ती मी लिहीत नाही.

जीपची वेळ नव्हती. माझ्या मोटरसायकलवर मी, मध्ये मंजुळा, मागे बाई. वाडीचा उतार म्हणजे नुसते दगड. पोरगी ओरडत होती, "चोळू द्या, बाई, एकदाच चोळू द्या." मागून बाईंचा आवाज, त्याच वर्गातल्या हळू सुरात, "रड, ओरड, मला चाव. पण चोळायचं नाय." ती खरंच चावली. कशेळ्याला उतरलो तेव्हा बाईंच्या मनगटावर दातांचे वण होते आणि त्यांनी हात तसाच धरून ठेवला होता. कशेळ्याच्या डॉक्टरांनी डोळा उघडून बघितला, लगेच मिटला आणि म्हणाले, "कर्जतला न्या, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. थांबू नका."

कर्जतच्या वाटेवर मंजुळाचा आवाज बसला होता. तिने विचारलं, "बाई, त्यांची फुलपाखरं व्हनार ना?"

मागून बाईंनी तिला जवळ धरलं. मग बाई म्हणाल्या, "नाय गं. मी चुकीचं सांगितलं."

मी सांगितलं, असं मी तेव्हा म्हणू शकलो असतो. मी गाडी चालवत राहिलो.

कर्जतच्या डॉक्टरांनी यंत्राखाली डोळ्यातून नऊ केस काढले. एखादा खोल गेला असेल तर तो हळूहळू आत सरकतो, म्हणाले. नजर राहील की नाही ते पंधरा दिवसांनी कळेल. तोवर दिवसभर दर दोन तासांनी थेंब.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पायरीपाशी सगळी वाडी जमली. मंजुळाचा बाप लहू पुढे होता. बिगारीकामावरून रातोरात परत आला होता, कपड्यांवर सिमेंट तसंच होतं.

"सुरवंटाला हात लावा, असं कोनी शिकवलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

मी दाराची चौकट धरून उभा होतो. बाई माझ्याकडे वळूनसुद्धा बघत नव्हत्या.

"माझ्या पोरीचा डोळा गेला तर तुमी देनार का?"

लहू म्हणाला, आजपासून एकही पोर शाळेत येणार नाही, आणि बाईंनी त्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही. लोक गेल्यावर मी कसंबसं म्हटलं, "बाई, मी बोलायला हवं होतं."

"तुमी बोलला असता तर दोन मास्तर गेले असते," बाई फळा पुसत म्हणाल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. "एक तरी ऱ्हायला पाहिजे इथं." यात मोठेपणा दाखवण्याचा भाग नव्हता, नुसता हिशोब होता. म्हणूनच तो मला जास्त लागला. मला माझी लाज वाटली, आजही वाटते.

त्या दिवसापासून बाई दर दोन तासांनी लहूच्या अंगणाबाहेर जाऊन उभ्या राहायच्या. दारात पाऊल नाही टाकायचं, तर नाही. कुंपणापलीकडून आजीला सांगायच्या, "आजी, थेंबाची वेळ झाली. आधी हात धुवा. खालची पापणी ओढा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाय." आजी पाठ फिरवायची. मग धुसफुसत थेंब घालायची, निम्मे गालावर. रविवारीसुद्धा बाई शिळफाट्याहून येत होत्या. पाचव्या दिवशी आजी कुंपणाशी आली आणि बाटली बाईंच्या हातात कोंबून म्हणाली, "माझा हात कापतो. ये आत." लहू अंगणातच लाकडं फोडत होता. त्याने मान वर केली नाही, पण नाही म्हणालाही नाही.

पंधरा दिवसांनी कर्जतला तपासणी. लहू, मंजुळा, बाई आणि मी. मी का गेलो? घरी बसवेना म्हणून. डोळ्याची लाली पार गेली होती. डॉक्टर खूश दिसले. त्यांनी मंजुळाला डावा डोळा तळव्याने झाकायला सांगितला आणि लांबून बोटं दाखवली.

"किती?"

"तीन."

"आता?"

"एक."

"आता?"

"पाच!"

सगळं बरोबर. लहूने दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यालाही माहीत नसावं. आता सगळं मिटलं, पोरं शाळेत येतील, वाडीच्या तक्रारीवरून बाईंवर लागलेली चौकशीही संपेल, असं मी मनात मांडून मोकळा झालो. डॉक्टर कागदावर लिहायला लागले.

"थांबा डॉक्टर," बाई म्हणाल्या.

त्या मंजुळापाशी गेल्या. तिचा हात बाजूला केला आणि तिच्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा घट्ट ठेवला. "आता विचारा."

डॉक्टरांनी दोन बोटं धरली. मंजुळा काहीच बोलली नाही. डॉक्टर दोन पावलं पुढे आले. तरी नाही. अगदी समोर येऊन उभे राहिले, तेव्हा ती अंदाजाने म्हणाली, "चार?"

बाईंनी तळवा काढून घेतला.

"बोटांच्या फटीतनं बघते ही," बाई म्हणाल्या. "लपाछपीत राज्य आलं की असंच करते." त्या तिच्यासमोर खाली बसल्या. "का गं असं केलंस?"

"मला दिसतं म्हटलं की तुमाला कोनी ओरडनार नाय," मंजुळा म्हणाली आणि रडायला लागली.

त्या एका तळव्याने बाईंनी स्वतःचं किती नुकसान करून घेतलं हे मला तिथेच कळलं. गप्प राहिल्या असत्या तर त्या सुटल्या असत्या. लहूचा चेहरा बघवत नव्हता. डॉक्टरांनी बाहुली मोठी करण्याचं औषध घालून पुन्हा यंत्र लावलं, बराच वेळ बघितलं. एक केस आत शिरला होता. "आज कळलं ते बरं झालं," ते म्हणाले. "महिन्याने कळलं असतं तर माझ्या हातात काही नव्हतं. पनवेलला शस्त्रक्रिया करावी लागेल, याच आठवड्यात."

शस्त्रक्रिया झाली. तोवर बाईंची खालापूर तालुक्यातल्या एका शाळेवर उचलबांगडी झाली होती. निघताना मला म्हणाल्या, "घराजवळ टाकलं मला. शिक्षा हाय का बक्षीस, तेच कळंना." मला हसू आलं नाही. त्यांनी चौकशीत लिहून दिलेला जबाब मी नंतर वाचला. त्यात 'मी सांगितले' एवढंच होतं, कागद कुणी छापून आणला त्याचा उल्लेख नव्हता.

पट्टी काढायच्या दिवशी लहूबरोबर पनवेलला मी गेलो. जीपमध्ये मी त्याला सगळं सांगितलं. शब्द कुणाचा होता, हट्ट कुणाचा होता. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता.

"म्हाईत हाय," तो शेवटी म्हणाला. "मंजीनं पहिल्याच दिशी सांगितला, कागद सरांचा व्हता. तुमी कधी बोलता ते बघत व्हतो."

दवाखान्यात पोचलो तर बाई तिथे आधीच येऊन बसल्या होत्या, आत नव्हे, बाहेर व्हरांड्यात, अगदी टोकाच्या बाकावर. लहूने त्यांच्याकडे बघितलं आणि मुलीला घेऊन आत गेला. मी बाईंपाशी थांबलो. त्यांनी एवढंच विचारलं, "थेंब चुकले नाय ना?" पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

थोड्या वेळाने आतलं दार उघडलं. लहू बाहेर आला आणि सरळ बाकापर्यंत चालत आला.

"बाई, आत या. तिचा दुसरा डोळा तुमी झाका. माझ्या हाताचा मला भरवसा नाय, माझा हात ढिला पडंल."

बाई उठल्या. पिशवी बाकावर तशीच राहिली. त्यांनी उजवा तळवा पदराला पुसला, एकदा, पुन्हा एकदा, आणि आत गेल्या. मी दारातून बघत होतो. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि मंजुळाच्या तोंडावर निम्म्यापर्यंत आलेला त्यांचा हात. डॉक्टर पार खोलीच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

मंजुळा बराच वेळ बघत होती. लहूने डोळे मिटून घेतले होते.

"दोन," ती म्हणाली. "आनि तुमच्या एका बोटात अंगठी हाय."